दीड मणांचा देह

हिंदू मनुष्याच्या अंत्यविधीत एक विसंगती आहे, आणि ती इतकी उघड्यावर मांडलेली आहे की तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिल्या दिवशी देह अग्नीच्या स्वाधीन केला जातो, आणि त्या प्रसंगी व पुढे सुतकाच्या दिवसांत जे काही वाचले किंवा सांगितले जाते त्याचा इत्यर्थ हाच असतो, की जळाले ते केवळ वस्त्र होते, ते धारण करणारा निराळा, आणि त्याचे काहीही गेलेले नाही. परंतु अस्थी सावडून होतात न होतात तोच तेच गुरुजी त्याच घाटावर भाताचे पिंड वळावयास सांगतात. आणि गरुडपुराणाच्या प्रेतकल्पात या पिंडांचा जो हिशेब मांडलेला आहे तो पाहिला, तर पहिल्या पिंडाने मृताचे मस्तक घडते, दुसऱ्याने मान आणि खांदे, पुढे क्रमाने हृदय, पाठ, नाभी, कंबर, मांड्या, गुडघे व पाय, आणि दहाव्या दिवशी त्या नव्या देहाला भूक आणि तहान लागते. ग्रंथागणिक या क्रमात थोडाफार फरक आढळतो. पण सर्वांचे म्हणणे एकच, की ज्याला काल-परवा जीर्ण वस्त्र म्हणून निरोप दिला तोच देह, हातभर लांबीचा का होईना, अवयवशः पुन्हा बांधून दिल्यावाचून मृताला पुढची वाट चालता येत नाही. वेदान्ताने ज्याला हद्दपार केले त्याला कर्मकांडाने मागल्या दाराने घरात घेतले, असे हे प्रकरण आहे.

शास्त्रीमंडळींपाशी याचा निवाडा तयार असतो. स्थूल शरीर निराळे, सूक्ष्म निराळे, पिंडांनी घडते ते निराळे, अशी वाटणी करून ते दोन्ही पक्षांना आपापल्या जागी सुखाने नांदू देतात. माझे समाधान या वाटणीने पूर्वीही होत नसे. परंतु काकू गेल्या आणि त्यांच्या दहा दिवसांत घरात बसून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बोलणे ऐकण्याचा प्रसंग आला तेव्हापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही. कारण समाचाराला येणारा प्रत्येक इसम काकूंचे वर्णन करीत होता आणि त्या वर्णनात काकूंना देह नव्हता. सोशिक होत्या, पतिपरायण होत्या, देवभोळ्या होत्या, लेकरा-नातवंडांवर त्यांची माया होती. यातले एक अक्षर खोटे नव्हते, आणि तरीही ते वर्णन त्या आळीतील कोणत्याही दिवंगत वृद्धेला जसेच्या तसे लागू पडले असते. ज्या बाईला कृष्णेच्या घाटावरची पोरे लांबून पाण्यावरच्या डोक्याच्या ठेवणीवरून ओळखीत, तिच्याविषयी बोलताना ती पट्टीची पोहणारी होती एवढे उच्चारावे असे कोणालाही वाटले नाही. मृत स्त्रीच्या अंगबळाविषयी बोलणे कदाचित अप्रशस्त वाटत असावे.

काकूंचे माहेर वाईकडचे. सुके भोपळे कमरेला बांधून त्या कृष्णेत पोहायला शिकल्या, भावांच्या बरोबरीने काठावरून सूर मारू लागल्या, आणि उताणे पडून पाण्यावर पद्मासन घालण्याची विद्या, जी भल्याभल्या तालमीबाजांना साधत नाही, ती त्यांना लग्नाच्या आधीच साधलेली होती. काका मामलेदार कचेरीत अव्वल कारकून. त्यांची बदली झाली की दप्तराच्या गाठोड्याआधी काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, की नव्या गावाला नदी आहे की विहिरीवरच भागवायचे? नऊवारीचा कासोटा पक्का मारून त्या पहाटे पाण्यात उतरत आणि गाव जागे होण्यापूर्वी ओल्या लुगड्याने घरी परतत. त्यापूर्वी सूर्यनमस्कार. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानच्या शाळांतून मुलांप्रमाणे मुलींनाही नमस्कार घालावयास लावले, त्या काळच्या वाऱ्याचा थोडा अंश काकूंच्या माहेरी पोचलेला होता. मात्र मित्र, रवी, सूर्य, भानू अशी बारा नावे घेत घातलेले ते नमस्कार ही उपासना होती की कसरत, असे त्यांना कोणी विचारले असते तर प्रश्नच त्यांच्या ध्यानात आला नसता. नाव घेतल्याशिवाय नमस्कार पुरा होत नाही आणि कपाळ जमिनीला टेकल्याशिवाय नाव पोचत नाही, एवढे त्यांना ठाऊक होते. श्रावणातल्या मंगळागौरीला तर आळीतल्या नवपरिणीत मुली त्यांना मुद्दाम बोलावून नेत, कारण काकूंच्या समोर दंडफुगडीला उभे राहणे ही एक परीक्षाच मानली जाई. आणि त्या रात्री गौरीच्या पुढ्यात ज्या गोष्टी चालतात, ते वाकणे, गिरक्या घेणे, बसून उड्या मारणे, त्यांना पूजेचाच भाग समजण्यात आपल्या आज्यापणज्यांना काही चमत्कारिक वाटत नव्हते, हे आजच्या धर्मचिंतकांनी ध्यानात घेण्यासारखे आहे.

ती गौरी तरी कोण? कालिदासाच्या कुमारसंभवातील पाचवा सर्ग ज्यांनी मूळ वाचला आहे त्यांना आठवेल, की चेंडू खेळतानाही जी दमून जाई त्या राजकन्येने शिवाच्या प्राप्तीसाठी तप आरंभिले, झाडावरून आपोआप गळालेले पानही खायचे सोडले, आणि तेव्हा बटूच्या वेषात आलेल्या शिवाने तिला, तुझ्या शक्तीला झेपेल एवढेच तप तू करते आहेस ना, असे विचारून, धर्माचे पहिले साधन शरीरच आहे असे बजावले. तो श्लोकार्ध आपल्याकडे गावोगावच्या आखाड्यांच्या भिंतींवर, शेंदरी मारुतीच्या खाली, मोठ्या अक्षरांत रंगविलेला असतो. ज्या आखाड्यांचा उंबरा स्त्रीने ओलांडायचा नाही असा बहुतेक ठिकाणी दंडक होता, तेथे हे वाक्य तीन-चार पिढ्या मुलांनी वाचले, आणि ते मुळात एका तरुण स्त्रीला, तिच्या देहाच्या काळजीपोटी, प्रत्यक्ष ईश्वराने म्हटलेले आहे याची त्यांतल्या फारच थोड्यांना वार्ता होती.

सावित्रीचेही आपण तसेच केले. वडाला सूत गुंडाळताना यमाला वादात निरुत्तर करणारी बुद्धिमती आणि पतीचे प्राण परत आणणारी पतिव्रता एवढी तिची मूर्ती आपण डोळ्यांपुढे आणतो. वनपर्वातली मूळ कथा सावकाश वाचावी. पतीच्या मृत्यूचा दिवस चार दिवसांवर आला तेव्हा तिने तीन रात्रींचे उभ्याचे व्रत धरले. चौथ्या दिवशी उपाशीपोटी ती त्याच्या मागोमाग अरण्यात चालत गेली. यमाच्या मागे चालली ती निराळीच. आणि वर मिळाले, यम निघून गेला, म्हणजे कथा संपली असे आपण समजतो तेथे व्यासांची कथा संपत नाही. रात्र पडलेली आहे, सत्यवान शुद्धीवर आला आहे परंतु त्याच्या अंगात चालण्याचे त्राण नाही. तेव्हा सावित्री फळांची करंडी झाडाच्या फांदीला अडकवून ठेवते, कुऱ्हाड स्वतः उचलते, त्याचा हात आपल्या डाव्या खांद्यावर घेते, उजव्या हाताने त्याला सावरते आणि अंधारातून वाट काढत त्याला आश्रमाकडे घेऊन जाते. करंडी मागे ठेवली आणि कुऱ्हाड बरोबर घेतली, या तपशिलात जी व्यवहारबुद्धी आहे तिचे मला नेहमी कौतुक वाटते. वादातला विजय यमाने मान्य केला. परंतु नवऱ्याला घरी आणले ते तिच्या खांद्याने.

हे उपाख्यान मी अनेक वेळा वाचले होते, पण ते डोळ्यांनी पाहिले ते काकूंच्या घरी. काका पेन्शनीत निघाल्यावर थोड्याच वर्षांत त्यांना पक्षाघात झाला आणि उजवे अंग पार गेले. पुढची कित्येक वर्षे काकूंनी त्यांना रात्रंदिवस दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळविले, रोज सकाळी खाटेवरून उठवून खुर्चीत बसविले आणि संध्याकाळी परत निजविले. हे काम त्या कसे करीत ते मी जवळून पाहिले आहे. काकांच्या दोन्ही गुडघ्यांना आपले गुडघे समोरून टेकवायचे, आपले हात त्यांच्या काखांखालून घालून पाठीमागे गुंतवायचे, कंबरेत न वाकता मांड्यांवर बसकण घ्यायची, "हं, आता" असे म्हणायचे आणि नमस्कारातून उठावे तशा उठायचे. काकांचा देह त्यांच्या देहाबरोबर आपसूक उभा राही, आणि मग पायाच्या चवड्यावर एक पाव गिरकी घेऊन त्या त्यांना खुर्चीत उतरवीत. ती गिरकी मी फुगडीत पाहिलेली होती. मुलगे धडधाकट होते, पण त्यांनी उचलले की काका कण्हत. काकूंनी उचलले की कण्हत नसत. इतक्या वर्षांत काकांच्या पाठीला एक व्रण पडला नाही, हे गावच्या डॉक्टरांनी बाहेरच्या लोकांना सांगावे अशी ती गोष्ट होती.

त्या काळात चातुर्मासात एक हरिदास गावात आले होते. समाचाराला म्हणून घरी आले आणि काकांच्या खाटेशेजारी बसून, अशा प्रसंगी जे बोलावयाचे ते बोलू लागले, की देह हा मिथ्या आहे, तो नाहीसाच समजावा, दुःख देहाचे आहे, आत्म्याचे नाही. काकूंनी सर्व शांतपणे ऐकून घेतले, त्यांच्यापुढे दुधाचा पेला ठेवला आणि म्हणाल्या, "बुवा, देह मिथ्या असेल, मी नाही म्हणत नाही, पण रात्री दोन वाजता उचलून पाहा, चांगला दीड मण भरतो." खाटेवर काका तोंडाच्या चांगल्या बाजूने हसले. हरिदासही मनमोकळे असावेत, तेही हसले.

या उत्तराला मी चेष्टा मानीत नाही. देहाला तुच्छ लेखणारे तत्त्वज्ञान बहुधा ज्यांना दुसऱ्याचा देह उचलावा लागत नाही त्यांनी रचलेले असते, अशी मला शंका आहे, आणि ती काकूंच्या घरी बळावली. भक्ती, निष्ठा, सेवा हे शब्द आपण मनाच्या खात्यावर जमा करतो. परंतु मनात कितीही निष्ठा असती आणि मांड्यांत बळ नसते तर काकांची पाठ सोलवटली असती. काकूंची पतिनिष्ठा त्यांच्या मनात होती की मांड्यांत, असा प्रश्न विचारणाऱ्याला त्या दोहोंमध्ये फट दिसत असली पाहिजे. मला दिसत नाही. तुकोबांनी तर एकाच अभंगात शरीराला दुःखाचे व दुर्गंधीचे कोठारही म्हटले आहे आणि त्याच शरीराने परब्रह्म साधते असेही म्हटले आहे; आणि या दोन विधानांचा मेळ घालीत न बसता, शरीर वाईटही नाही आणि चांगलेही नाही, हरिभजनाची त्वरा करावी, एवढेच त्यांनी शेवटी सांगितले आहे. आळंदीहून पंढरीला पायी जाणारा वारकरीही तो घालीत बसत नाही. गोल रिंगणात डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन धावणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांतल्या कितीतरी साठी उलटलेल्या, त्यांनी सांगावे की त्या क्षणी त्या बायकांचा देह त्यांच्या भक्तीच्या आड येत असतो किंवा काय.

यावर जो आक्षेप येतो तो खरोखर कठीण आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. देहाचेच स्मरण करावयाचे तर कोणत्या देहाचे? काका गेले, त्यानंतर काकूंनी नातवंडे वाढविली, त्यांना विहिरीत पोहायला शिकविले. पण शेवटी त्यांचेही गुडघे गेले, नमस्कार बंद पडले, पाणी भरलेले फुलपात्र हातात थरथरू लागले, आणि शेवटच्या वर्षात त्यांना कुशीवर वळवावे लागे. नाशवंताला स्मरणाचा विषय करू नये म्हणणाऱ्या वेदान्त्याचा हाच तर मुद्दा आहे, की जे स्वतः टिकत नाही त्याची आठवण तरी कशाला धरून राहील? मी एवढेच म्हणू शकतो, की हा आक्षेप खरा असेल तर तो मायेलाही लागू पडतो. शेवटच्या महिन्यांत काकू नातवंडांची नावे विसरत, एकीला दुसरीच्या नावाने हाक मारीत. म्हणून त्यांची माया खोटी होती असे कोणी म्हटले नाही, समाचाराला आलेल्यांनी तिचे वर्णन बिनदिक्कत केले. मन झिजले तरी त्याचे गुण स्मरणाला पात्र, आणि देह झिजला की त्याचे गुण अपात्र, ही वाटणी कोणत्या न्यायाची?

देहाचे गुण असे वगळले जाणे पुष्कळदा घडते, आणि केवळ घरगुती बायकांच्याच बाबतीत नव्हे. पंडिता क्षमाबाई राव (1890–1954) यांचे उदाहरण घ्या. शंकर पांडुरंग पंडितांची ही कन्या, मुंबईच्या एका नामांकित डॉक्टरांची पत्नी. तिने सत्याग्रहगीता लिहिली, तुकाराम, रामदास, ज्ञानेश्वर यांची चरित्रे संस्कृत श्लोकांत रचली, आणि ती टेनिसही तितक्याच हिरिरीने खेळे. तिची कन्या लीला 1934 साली विंबल्डनला उतरली आणि तेथे सामना जिंकणारी पहिली भारतीय स्त्री ठरली. आईच्या संस्कृत काव्यावर लिहिणारे टेनिसचा उल्लेख एका ओळीत, गमतीची गोष्ट म्हणून करतात. संतचरित्राच्या श्लोकाला लागणारा दम आणि टेनिसच्या मैदानावर लागणारा दम हे एकाच बाईचे होते, आणि मुलीकडे त्यांतला कोणता किती गेला याचा शोध घेण्यासारखा आहे, असे त्यांच्या मनात येत नाही.

मुलीकडे किंवा नातीकडे जे जाते ते काय असते, या प्रश्नावर माझा एका नैयायिक शास्त्र्यांशी वाद चालू आहे. न्यायशास्त्राचा अभ्यास सुरू करणारा प्रत्येक विद्यार्थी अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह पाठ करतो; त्यात संस्कार नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितलेले आहेत. वेग, जो गतिमान द्रव्यात असतो. भावना, जी अनुभवातून उत्पन्न होऊन स्मरणाला कारण होते आणि जी केवळ आत्म्यात राहते. आणि स्थितिस्थापक, ज्याच्यामुळे वाकविलेली वस्तू, उदाहरणार्थ चटई, पूर्वस्थितीला येते. धावण्याची गती, आठवण आणि अंगाचा लवचीकपणा हे तिन्ही ज्यांनी एका सदराखाली घातले त्या प्राचीनांना काकूंसारखी एखादी बाई माहीत असली पाहिजे, असे मी शास्त्रीबोवांना म्हटले, तेव्हा ते म्हणाले, "माहीत असेल, पण तीन प्रकार केले आहेत ते निराळे ठेवण्यासाठी, एकत्र करण्यासाठी नव्हे. तुमच्या काकू तुमच्या भावनेत आहेत. त्यांचा वेग त्यांच्या हातापायांबरोबर संपला."

मी त्यांच्यापुढे काकूंच्या धाकट्या नातीचे उदाहरण ठेवले. काकूंचा उजवा कान लहानपणापासून दुखरा होता. त्यामुळे तो पाण्याबाहेर राहावा म्हणून त्या नेहमी डाव्या कुशीवर कलून हात मारीत, आणि पोहताना त्यांचे डोके पाण्यावर एका विशिष्ट तिरक्या ठेवणीत दिसे. या नातीचे दोन्ही कान उत्तम आहेत. तरी ती त्याच कुशीवर कलते, तेच डोके त्याच ठेवणीत पाण्यावर दिसते, आणि मी दाखवून देईपर्यंत तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता. आजी कशी पोहत असे हे तिला आठवतही नाही; आजीने तिच्या पोटाखाली दोन बोटे धरून तिला तरंगत ठेविले तेव्हा ती फार लहान होती. आता ही ठेवण कोणाच्या आत्म्यातली भावना? जिला आठवत नाही तिची?

शास्त्रीबोवा डगमगले नाहीत. आठवत नाही याचा अर्थ संस्कार नाही असा होत नाही. संस्कार निद्रिस्त असतो, त्याला उद्बोधक लागतो, आणि येथे पाणी हाच उद्बोधक आहे, असे ते म्हणाले. मी म्हटले, मग त्या दोन बोटांचे काय? वैशेषिकांनी गतीच्या कारणांत नोदन सांगितले आहे, म्हणजे लागून राहून पुढे ढकलणे. काकूंची बोटे हे नोदनच होते. ते म्हणाले, "संयोग संपला की नोदन संपते." मी म्हटले, पण धनुष्याची दोरी सुटल्यावर बाण चालतो तो कशाने? प्रशस्तपादांनीच सांगितले आहे, की पहिली गती नोदनाने आणि पुढची वेगाने. दोरीचा संबंध सुटला तरी वेग बाणात राहतो. येथे शास्त्रीबोवा काही वेळ तपकिरीची डबी हातात फिरवीत बसले आणि मग म्हणाले, की बाण निर्जीव असतो, मुलगी जिवंत आहे, तिचा प्रयत्न हे स्वतंत्र कारण आहे, तेव्हा दृष्टान्त जुळत नाही. तुम्ही कर्मप्रकरण पुन्हा एकदा नीट वाचा आणि मग या. मी ते वाचले आहे, आणि मला दृष्टान्त जुळतो असेच वाटते. परंतु पुढच्या खेपेला जाताना त्या नातीलाही बरोबर घेऊन जावे म्हणतो, म्हणजे निदान घाटावर उभे राहून शास्त्रीबोवांना ती ठेवण प्रत्यक्ष पाहता येईल.